पंच्याहत्तर ग्रॅम

गेल्या वर्षी जानेवारीत मी माझ्या एअर पिस्तुलाच्या नळीखाली ७५ ग्रॅम वजन लावले आणि जूनमध्ये त्यातले ५० ग्रॅम काढून टाकले. मधल्या पाच महिन्यांचा हा हिशेब आहे. हिशेब म्हणण्याचे कारण असे की मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तरफ, जडत्व, गुरुत्वमध्य हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले, पण ते माझ्या स्वतःच्या मनगटालाही लागू होतात हे ध्यानात यायला एक स्पर्धा वाया घालवावी लागली.

नेमबाजीकडे मी उशिरा, अडतिसाव्या वर्षी वळले. पुण्यात कर्वेनगरमध्ये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दहा मीटरची एक छोटी रेंज आहे आणि कॉलेज सुटल्यावर तिथे तासभर उभे राहणे हाच माझा सराव. पिस्तूल सेकंडहँड घेतलेले, पहिल्या मालकाच्या हाताला बेतलेल्या अक्रोडाच्या मुठीसकट. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, पेलेट (छर्रा) ढकलणाऱ्या हवेचा सिलिंडर पूर्ण भरलेला असताना, त्याचे वजन ९७५ ग्रॅम भरले. दहा मीटर एअर पिस्तुलाला आंतरराष्ट्रीय नियमांनी १५०० ग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे, म्हणजे माझ्या हातात सव्वापाचशे ग्रॅमची मोकळीक होती. एवढी मोकळीक दिसली की माणसाचे हात शिवशिवतात.

वजन लावावेसे का वाटले, तेही सांगते. एका हाताने पिस्तूल समोर धरले की फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, थरथरते. ही थरथर दोन प्रकारची असते. एक संथ, झोक्यासारखी, जी खांदा, कंबर आणि श्वास यांच्यातून येते. दुसरी बारीक आणि वेगवान, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होणारी, जी निरोगी माणसाच्या स्नायूंतही असतेच आणि जिला कोणताही सराव पूर्णपणे संपवू शकत नाही. या दुसऱ्या थरथरीचा उपद्रव मोठा. पुढची आणि मागची साइट यांच्यातले अंतर माझ्या पिस्तुलावर ३२ सेंटिमीटर आहे. तेव्हा पुढची साइट मागच्या खाचेत जेमतेम एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी दहा मीटरवर पेलेट तीन मिलिमीटरहून अधिक सरकतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरने बाहेर, हे लक्षात घेतले म्हणजे एक दशांश मिलिमीटरला किती किंमत आहे ते कळते. नळीच्या टोकाला वजन असेल तर पिस्तूल झटकन वळायला नाखूश होते आणि बारीक थरथर दबते. क्रिकेटची बॅट मुठीकडून धरून फिरवणे आणि पात्याकडून धरून फिरवणे यांत जो फरक, तोच इथे.

कंपन्या नळीखालच्या पट्टीवर बसणारी छोटी वजने विकतात, पण ती मागवून यायला वेळ लागतो आणि मला धीर नव्हता. चाकांचे बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात त्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या घ्यायला मी बाणेर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात गेले. पंधरा तुकडे मागितल्यावर दुकानदाराने माझ्यामागे रस्त्याकडे पाहिले आणि विचारले, "गाडी कुठाय, मॅडम?" गाडी नाही, वजनेच हवीत, असे सांगितल्यावर त्याने पट्टी कापून दिली खरी, पण चेहऱ्यावरून त्याला ते पटलेले दिसले नाही.

त्या संध्याकाळी पंधराही तुकडे मी नळीखालच्या पट्टीला, अगदी टोकाशी, दोन ओळींत चिकटवले. (सिलिंडरला काहीही चिकटवू नये, तो दोनशे बार दाबाचा असतो आणि भरण्यासाठी तो सारखा काढावा-घालावा लागतो.) पहिला शॉट घेण्यासाठी हात वर केला आणि फ्रंट साइट काळ्या वर्तुळाखाली अशी काही निवांत टेकली की मला हसूच आले. पहिल्या दहा शॉट्समध्ये शंभरपैकी ९५ गुण झाले. तोपर्यंत माझी मजल ९३ पर्यंत होती. शोध लागला, असेच मला वाटले.

चूक इथेच झाली होती, पण ती दिसायला मार्ग नव्हता, कारण कॉलेज आणि घर सांभाळून मला एका वेळी जेमतेम तीस शॉट्स मारता येत. स्पर्धेत ६० शॉट्स असतात. त्यांसाठी ७५ मिनिटे, आणि त्याआधी तयारी व चाचणी शॉट्ससाठी १५ मिनिटे. शिवाय हात जितक्या वेळा वर जातो तितके शॉट्स होत नाहीत. न जमलेला शॉट सोडून देऊन पिस्तूल पुन्हा टेबलावर टेकवणे हा या खेळातला निम्मा शहाणपणा आहे. मी एकदा मोजले: ६० शॉट्स, बारा चाचणीचे, आणि अठ्ठावीस वेळा न मारताच खाली आणलेला हात. म्हणजे एक किलोचे ओझे शंभर वेळा खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन दर वेळी दहा-बारा सेकंद तोलून धरायचे. जानेवारी ते मार्च मी यातल्या पहिल्या निम्म्याचाच सराव करत होते आणि त्यावरूनच पिस्तुलाचा तोल ठरवत होते.

चिकटपट्ट्या उन्हाळ्यात सुटू लागल्या, तेव्हा मी पुढची पायरी चढले. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून पितळेची सळई घेतली आणि भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे तिचा १२ मिलिमीटर व्यासाचा, सव्वासात सेंटिमीटर लांबीचा तुकडा कातून, आटे पाडून घेतला. पितळेच्या घनतेने हिशेब केला तर तो ७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता; बसवायच्या स्क्रूसह ७५ भरला. लेथवाल्याने तो तळहातावर वरखाली करून पाहिला. "मॅडम, याला काय वजन म्हणायचं? दाराची कडी याच्यापेक्षा जड असते." मी त्याला सांगितले की हे हातापासून फूटभर लांब लागणार आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग जड आहे." तरफेचा नियम इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलेला नाही.

हा तुकडा मी नळीखाली असा बसवला की त्याचा पुढचा भाग नळीच्या तोंडाच्या तीन सेंटिमीटर पुढे येत होता. जितके पुढे तितके स्थिर, हे तर्कशास्त्र. एप्रिलमध्ये बालेवाडीला स्पर्धा होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात शिरताना मला अजूनही शाळेच्या सहलीला आल्यासारखे वाटते. साहित्य तपासणीच्या टेबलावर आधी ट्रिगर तपासला गेला: नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि पिस्तुलाने ते उचलावे लागते. ते झाले. एकूण वजनाचाही प्रश्न नव्हता. मग पिस्तूल पेटीत ठेवले. एअर पिस्तूल सर्व जोडण्यांसह ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. माझे पिस्तूल मुळात साडेचाळीस सेंटिमीटर लांब, त्यावर पितळेचे तीन. ते बसेना. नियम मला पाठ होता. १५०० ग्रॅमचा आकडा डोक्यात इतका घट्ट बसला होता की ४२० चा आकडा मी स्वतःच्या पिस्तुलाला कधी लावूनच पाहिला नव्हता. तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "हे काढा आणि पुन्हा रांगेत या." पाना माझ्याकडे होता, एवढेच नशीब.

त्या दिवशी मी ५३८ गुण केले. तीन महिने टोकाकडे जड असलेल्या पिस्तुलाची सवय झालेला हात ते वजन जाताच पिस्तूल वर उचलू लागला. पहिले आठ-दहा शॉट्स वरच्या बाजूला गेले, मग मी साइट खाली-वर करत बसले आणि चाचणीची पंधरा मिनिटे त्यातच संपली. घरी येताना रिक्षात मी सगळा दोष पेटीला दिला.

रेंजवरच्या सरांना ही कहाणी सांगितली तेव्हा त्यांनी पेटीबद्दल एक शब्दही उच्चारला नाही. पितळेचा तुकडा मागे घेऊन नियमात बसेल असा लावा, येत्या रविवारी पूर्ण साठ शॉट्स घड्याळ लावून मारा आणि वही मला दाखवा, एवढेच ते म्हणाले. रविवारी मी मारले. दहा-दहाच्या सहा मालिका अशा झाल्या: ९४, ९३, ९२, ९०, ८७, ८६. एकूण ५४२. मी अभिमानाने पहिल्या मालिकेवर बोट ठेवले. सर म्हणाले, "ती मला नका दाखवू. पिस्तुलाचा तोल पाचव्या मालिकेत कळतो." मग त्यांनी शेवटच्या वीस शॉट्सच्या खुणा दाखवल्या. त्यांतल्या चौदा सहा वाजताच्या बाजूला, म्हणजे सरळ खाली उतरलेल्या होत्या. डावी-उजवीकडे फारशी पांगापांग नव्हती. मनगट थकून नळी खाली झुकत होती आणि ते मला हातात जाणवतही नव्हते, कारण थकवा हळूहळू येतो आणि डोळा त्याच्याशी जुळवून घेतो.

मग मी घरी कागद घेऊन बसले. पिस्तुलाचा तोलबिंदू शोधायला उपकरण लागत नाही. जाड दोऱ्याच्या फासात पिस्तूल आडवे टांगायचे आणि ते समतोल राहीपर्यंत फास मागेपुढे करायचा. पिस्तूल रिकामे आहे ना, हे त्याआधी दोनदा पाहायचे. वजन न लावता माझा तोलबिंदू ट्रिगरच्या पुढे साडेतीन सेंटिमीटरवर होता. मनगटाचा सांधा ट्रिगरच्या मागे साधारण दहा सेंटिमीटर. म्हणजे ९७५ ग्रॅम मनगटापासून साडेतेरा सेंटिमीटरवर लटकत होते: १३,१६० च्या आसपास ग्रॅम-सेंटिमीटर. पितळेचे ७५ ग्रॅम मनगटापासून ३२ सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी २,४००. पिस्तुलाचे वजन आठ टक्क्यांहूनही कमी वाढले होते, पण मनगटावरचा भार अठरा टक्क्यांनी. लेथवाला बरोबर बोलला होता.

यावरून वजन टोकाला लावणेच मूर्खपणाचे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही, आणि ही बाब मला सर्वांत रंजक वाटते. समजा तोच २,४०० चा भार मी हाताजवळ, १६ सेंटिमीटरवर, १५० ग्रॅम लावून दिला असता. मनगटाला फरक कळला नसता. परंतु झटकन वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे दूरच्या ७५ ग्रॅमचा विरोध जवळच्या १५० ग्रॅमच्या दुप्पट. आणि खांद्याचा विचार केला तर, खांद्यापासून मनगट ६० सेंटिमीटर धरून, दूरचे ७५ ग्रॅम खांद्यावर ६,९०० चा भार टाकतात तर जवळचे १५० ग्रॅम ११,४०० चा. म्हणजे थोडे वजन दूर लावणे हेच खांद्याच्या आणि स्थिरतेच्या दृष्टीने शहाणपणाचे. तक्रार फक्त मनगटाची असते, आणि साठ शॉट्सच्या शेवटी नेमके तेच आधी बोलते. वजन किती आणि कुठे, हा प्रश्न शेवटी आपला खांदा आधी दमतो की मनगट, यावर येऊन थांबतो. माझ्या रेंजवरचा एक उंच मुलगा १०० ग्रॅम टोकाला लावून मजेत मारतो. त्याचे मनगट माझ्या दीडपट आहे.

दुसरी गोष्ट ट्रिगरमुळे उघडी पडली. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. म्हणजे एक किलोच्या वस्तूवर आपण एका बोटाने तिच्या निम्म्या वजनाइतका जोर लावतो. तो जोर सरळ मागे गेला नाही, जरा डावी-उजवीकडे गेला, की नळी वळते. टोकाला वजन असल्यावर ती कमी वळते आणि बोटाची खोड झाकली जाते. मे महिन्यात मी वजन पूर्ण काढून घरात पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर सुरू केले. काळे वर्तुळ नाही, पेलेट नाही; फक्त दोन्ही साइट आणि चाप सुटण्याचा क्षण. पहिल्याच संध्याकाळी दिसले की चाप सुटताना फ्रंट साइट दर वेळी डावीकडे टिचकी मारल्यासारखी हलते. सासूबाई दारात येऊन बराच वेळ पाहत होत्या. "भिंतीवर आहे तरी काय?" "काही नाही, आई." "मग बरंय," म्हणत त्या गेल्या. तीन आठवडे रोज पन्नास वेळा मी त्या काहीही नसलेल्या भिंतीवर चाप ओढला. बोट ट्रिगरवर टेकवण्याची जागा थोडी बदलल्यावर टिचकी थांबली. ती खोड टोकाच्या वजनाने मला चार महिने दिसू दिली नव्हती.

मुठीचे काम खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते. डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, निशाण्याच्या उंचीवर आणायचे आणि डोळे उघडायचे. फ्रंट साइट मागच्या खाचेच्या मधोमध आणि वरची कड समतल दिसली तर मूठ बरोबर. माझी दर वेळी खाली आणि उजवीकडे असे, म्हणजे ती सरळ करायला मनगट सतत थोडे पिळलेले. असे पिळलेले मनगट कोणतेही वजन जडच ठरवणार. तळहाताच्या खळग्यात बसेल असा उंचवटा मी एपॉक्सी पुटीने भरला, सुकल्यावर कानशीने घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. तिसऱ्या खेपेला जमले. तळहाताखालच्या आधाराची कड वर वळवण्याचा मोह होतो, पण नियमाने तो आधार मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही आणि मनगट पूर्ण मोकळे असावे लागते.

जूनमध्ये पुन्हा लेथवाल्याकडे जाऊन त्या पितळेचे तीन भाग करून घेतले, स्क्रू धरून प्रत्येक २५ ग्रॅमचा. "आता खरंच कडी झाली," तो म्हणाला. एकच तुकडा लावला, तोही टोकाला नाही, तर ट्रिगरच्या पुढे १४ सेंटिमीटरवर. तोलबिंदू जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरकला आणि मनगटावरचा भार साडेचार टक्क्यांनी वाढला. पहिला शॉट जानेवारीसारखा निवांत वाटला नाही. साइट थोडी अधिक हलते. पण पुढच्या रविवारी घड्याळ लावून मारलेल्या मालिका अशा होत्या: ९२, ९१, ९३, ९१, ९२, ९०. एकूण ५४९. पहिल्या मालिकेचे दोन गुण गेले आणि शेवटच्या दोन मालिकांनी मिळून नऊ दिले.

जाता जाता एक गंमत. हवेलाही वजन असते, हे आपण शाळेत शिकतो. माझा सिलिंडर ६५ घनसेंटिमीटरच्या आसपासचा; दोनशे बार दाबाला त्यात साधारण १३ लिटर हवा मावते आणि लिटरमागे १.२ ग्रॅम धरले तर ती १५ ग्रॅमहून थोडी अधिक भरते. एका स्पर्धेत त्यातली चाळीस टक्के संपते, म्हणजे पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत पिस्तूल सहा ग्रॅमने हलके होते. इतका फरक हाताला कळत नाही. मी सरांना मोठ्या उत्साहाने हा हिशेब सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "सिलिंडर भरून येत जा म्हणजे झालं."

हे सगळे दहा मीटरपुरते आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तिथे .२२ ची काडतुसे असतात, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा आणि पिस्तुलाची मर्यादा १४०० ग्रॅमची. त्या प्रकारात नळीकडचे वजन मुख्यतः झटका शमवून साइट लवकर जागेवर आणण्यासाठी असते. त्यामुळे २५ मीटर मारणाऱ्या मित्राचा सल्ला एअर पिस्तुलावर जसाच्या तसा लावू नये. मला तो दोनदा मिळाला होता आणि दोन्ही वेळा मी तो आनंदाने ऐकला होता, कारण तो वजन वाढवायला सांगत होता.

सध्या पट्टीवर मी पेन्सिलीने एक-एक सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. तुकडा एक घर मागे घेऊन पाहायचा आहे. एका वेळी एकच बदल, आणि त्या बदलावर पूर्ण साठ-साठ शॉट्सचे किमान चार रविवार. सहामाहीचे पेपर तपासून झाले की सुरू करेन. पितळेचे उरलेले दोन तुकडे तोवर त्या पेपरांच्या गठ्ठ्यावरच ठेवलेले आहेत.